वारं पाहून शीड

आमच्या जिल्ह्यात एक जहाज आहे. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात ते भिंतीवर रंगवलेलं आहे. तीन डोलकाठ्या, प्रत्येकीवर उंच अरुंद शीड, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, काढलेला डोळा, मागच्या अंगाला सुकाणूची वल्ही आणि पोटात मांडलेले रांजण. कथा शूर्पारकच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या, पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी ज्यांनी हे चित्र काढलं, ते समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, वाघूर नदीच्या वळणावर काम करत होते. तरी जहाज इतकं नेमकं उतरलं आहे की भारतीय नौदलानं त्यावरून खरं जहाज बांधून घेतलं. काथ्याच्या दोरीनं फळ्या शिवलेलं, इंजिन नसलेलं हे जहाज म्हणजे ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’. मे २०२५ मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झालं, २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये ओमानमधल्या मस्कतला पोचलं.

शाळेच्या सहलीत हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून एक प्रश्न मनात होता. वारा मागून असला की शिडाचं जहाज पुढे जाणार, हे समजतं. पण त्याच वाऱ्यात परत कसं यायचं? वारा फिरेपर्यंत बसून राहायचं? संभाजीनगरात या प्रश्नाचं उत्तर देणारं कोणी भेटलं नाही. मग शाळेतला एक मित्र नोकरीसाठी मुंबईला गेला, तिथे शिडाची होडी चालवायला शिकला, आणि एकदा फोनवर म्हणाला, “तू ये. सांगून नाही समजणार. एक दिवस सुकाणू धर, मग आपोआप समजेल.”

शनिवारी रात्रीची देवगिरी एक्सप्रेस धरली. रविवारी सकाळी सीएसएमटीला उतरून थेट गेटवे गाठलं. जानेवारीचा पहिला रविवार होता, पौर्णिमेचा दुसरा दिवस. कौंडिण्य त्या वेळी अरबी समुद्रात वाटेवर होतं. आम्हाला मात्र मुंबई बंदरातून घारापुरी बेटापर्यंत जाऊन संध्याकाळच्या आत परत यायचं होतं, म्हणजे जाऊन-येऊन बावीस-तेवीस किलोमीटर. एवढ्याशा प्रवासात माझ्या जुन्या प्रश्नाचं उत्तर तर मिळालंच, शिवाय मोकळं दिसणारं पाणी कधीच मोकळं नसतं हेही कळलं. त्यात वारा, भरती, जहाजांची वाट आणि एकमेकांना वाट देण्याचे कायदे असतात. यातलं काहीच नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि होडी चालवणं म्हणजे नेमकं हेच पाहायला शिकणं.

बुडाखालचं वजन

आमची होडी जे-२४ जातीची होती. लांबी ७.३ मीटर, एकूण वजन साधारण १४०० किलो. पैकी सुमारे ४३० किलो वजन एकट्या कीलचं. कील म्हणजे बुडाखाली माशाच्या परासारखं उतरलेलं जड पातं. त्याच्यामुळे या होडीला निदान सव्वा मीटर पाणी लागतं. बरोबर कुलाब्याच्या कोळीवाड्यातले एक काका होते. त्यांचं आयुष्य याच पाण्यावर गेलेलं. मित्रानं चढण्याआधीच लाइफ जॅकेट हातात दिलं. “बसलास की घालू असं नाही. घातलंस की बस.”

शीड वर चढलं, वारा भरला आणि होडी एका अंगावर कलली. माझा जीव गोळा झाला. काका शांतपणे म्हणाले, “कलू दे तिला. ती उलटायची नाय. खाली वजन हाय ना.”

होडी कलते तसं कील पाण्याखाली विरुद्ध बाजूला वर उचललं जातं. जितकी जास्त कलेल, तितकं ते तिला जास्त जोरानं सरळ करायला पाहतं. शिवाय कलल्यावर शिडात वारा कमी मावतो. म्हणजे ढकलणारा जोर घटतो आणि सावरणारा जोर वाढतो. लहानपणी जत्रेत मिळणारी, पाडली तरी उभी राहणारी बाहुली आठवावी. तिच्या तळाशी भरलेलं वजन आणि होडीचं कील एकाच कामाचं.

वजन खाली नसेल, वर असेल आणि तेही हलतं असेल, तर काय होतं याची आठवण याच बंदराच्या तोंडाशी आहे. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, ‘रामदास’ ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. काशाच्या खडकाजवळ पावसाळी लाटेनं ती कलली. घाबरलेली माणसं एका बाजूला धावली, त्यांचंच वजन त्या बाजूला पडलं आणि बोट उलटली. ६०० हून अधिक माणसं बुडाली. रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आजही रामदासचं नाव निघालं की आवाज खाली येतो. काकांनी आग्नेयेकडे बोट दाखवलं आणि एवढंच म्हणाले, “बोट कलली की जागा सोडायची नाय. धावायचं तर नायच नाय.” हे वाक्य प्रत्येक प्रवासी बोटीवर रंगवून लावायला हवं असं मला वाटतं.

मतलई आणि खारा

सकाळचे साडेआठ झाले होते. वारा घारापुरीकडून, म्हणजे जमिनीकडून, आमच्या तोंडावर येत होता. भूगोलाच्या पुस्तकात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते. तो पाठ इथे चेहऱ्यावर जाणवत होता.

दिवसा जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापतं. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा येते. हा खारा वारा. रात्री उलटं होतं. जमीन भराभर निवते, पाणी ऊब धरून ठेवतं, आणि हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहते. ही मतलई. हिवाळ्यात मुंबई बंदरात पहाटेपासून ईशान्येची मतलई असते, उन्हं चढली की ती पडते, मध्ये तास-दीड तास सामसूम, आणि दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो. पिढ्यान्‌पिढ्या कोळी पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. वाऱ्याचं हे रोजचं जाणं-येणं आहे. त्याचाच मोठा, वर्षभराचा अवतार म्हणजे मोसमी वारे. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून आत येणारे, हिवाळ्यात ईशान्येकडून बाहेर जाणारे. प्राचीन जहाजं या दोन वाऱ्यांवरच अरबस्तान आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला जाऊन येत. माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. वारा फिरेपर्यंत खरोखरच थांबत असत, पण तो कधी फिरणार हे त्यांना ठाऊक असे.

आणि हे वाऱ्याचं शास्त्र आपल्याला परकं नाही. मराठवाड्यातल्या खळ्यावर धान्य उपणताना माझे आजोबा मूठभर भूस उडवून वारा कुठून आहे ते पाहत आणि मगच तिवईवर चढत. ‘वारं पाहून सूप धरावं’ ही म्हण कोरड्या मुलखात झाली आहे. पाण्यावर सुपाच्या जागी शीड येतं, एवढाच फरक.

कोय सटकते तशी होडी

समोरून वारा आणि जायचं समोर. मित्रानं सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला. पहिलाच धक्का असा की दांडा डावीकडे ढकलला तर होडी उजवीकडे वळते. दहा मिनिटं हात चुकत राहिला, मग सवय झाली.

वारा मागून असतो तेव्हा शीड पडद्यासारखं काम करतं, वारा त्याला ढकलतो. पण वारा समोरून तिरका असतो तेव्हा शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं. कापड फुगून वळतं. फुगलेल्या बाहेरच्या बाजूनं हवा जोरात वाहते, तिथला दाब कमी होतो, आणि शीड त्या बाजूला ओढलं जातं. ही ओढ पुढे कमी आणि बाजूला जास्त असते. होडी एकटी असती तर आडवी घसरत गेली असती. तिला आडवं जाऊ देत नाही ते कील. ते पाण्यात भिंतीसारखं उभं असतं. आंब्याची ओली कोय दोन बोटांच्या चिमटीत दाबा. दोन्ही दाब बाजूनं आहेत, पण कोय पुढे सटकते. वारा एक बोट आणि पाणी दुसरं. मध्ये होडी.

तरीही थेट वाऱ्यात घुसता येत नाही. नाळ वाऱ्याच्या साधारण ४५ अंशांच्या आत गेली की शीड फडफडतं आणि होडी उभी राहते. म्हणून आधी वारा उजव्या गालावर घेऊन तिरकं जायचं, मग वळून डाव्या गालावर घेऊन दुसरीकडे तिरकं जायचं. याला टॅक करणं म्हणतात. चाळीसगावहून कन्नडला येताना गाडी घाटात काय करते? डोंगर सरळ चढत नाही, वळणं घेत चढते. वाऱ्याचा घाटही तसाच चढायचा असतो. सरळ रेषेत दहा किलोमीटर असलेलं अंतर अशा वळणांनी साधारण चौदा किलोमीटर होतं, पण माणूस पोचतो.

शीड बरोबर धरलं आहे की नाही हे सांगणारी सगळ्यात साधी वस्तू मला फार आवडली. शिडाच्या कापडाला दोन्ही अंगांनी वीतभर लोकरीचे धागे चिकटवलेले असतात. दोन्ही धागे सरळ मागे वाहत असतील तर हवा दोन्हीकडून नीट चालली आहे. वाऱ्याकडचा धागा थरथरला तर शीड थोडं ओढायचं, किंवा नाळ वाऱ्यापासून जराशी दूर न्यायची. पलीकडचा धागा गिरक्या घेऊ लागला तर शीड सैल सोडायचं. मी तासभर त्या दोन धाग्यांकडे पाहत होतो. वारा दिसत नाही म्हणतात, पण वीतभर लोकरीनं तो दिसू लागतो.

माझा प्रश्न इथे पुरता सुटला. चौकोनी शिडाला मागचा वारा उत्तम मानवतो. होडीच्या लांबीला समांतर वळवता येणारं तिकोनी शीड वाऱ्याच्या उलट दिशेनंही वाट काढतं. परतीसाठी वारा फिरलाच पाहिजे असं नाही. वळणं घ्यायची तयारी हवी.

पाण्यातला हमरस्ता

गेटवेपासून थोडं पूर्वेला गेलं की बंदराचा मुख्य मार्ग लागतो. वरून सगळं पाणी सारखंच दिसतं, पण मोठ्या जहाजांना सगळं पाणी चालत नाही. ठाणे खाडी, पाताळगंगा आणि अंबा नदी यांचा गाळ या बंदरात येतो. म्हणून तळ उकरून ठरावीक पट्टा खोल ठेवतात आणि त्याच्या कडेला बोये तरंगत ठेवतात. समुद्रातून आत येताना लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. भारतात सगळीकडे हाच नियम आहे. त्या दोन रंगांच्या मधला पट्टा म्हणजे जहाजांचा जालना रोड. फरक एवढाच की तिथे दुभाजक नाही आणि ब्रेकही नाहीत.

याच वाटेनं जहाजं दोन दिशांना जातात. काही मुंबई बंदराच्या इंदिरा गोदीकडे आणि तेलाची जहाजं जवाहर द्वीपाकडे. बाकीची पूर्वेला वळून न्हावा-शेवाकडे. न्हावा-शेवाचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. २०२४-२५ या वर्षात तिथे वीस फुटी मापानं ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले गेले. वाळूजमध्ये तयार होणाऱ्या रिक्षा आणि शेंद्र्याचा औद्योगिक माल परदेशी निघाला की त्याची वाट बहुतेकदा याच पाण्यातून जाते. समुद्राशी आपला संबंध नाही असं आम्ही संभाजीनगरकर समजतो, पण आमच्या कितीतरी घरांचा पगार या लाल-हिरव्या बोयांच्या मधून जातो.

समुद्रावर वाट देण्याचे नियम जगभर एकच आहेत. १९७२ मध्ये ते ठरले. मोकळ्या पाण्यात इंजिनाच्या बोटीनं शिडाच्या बोटीला वाट द्यायची. दोन्ही शिडाच्या असतील तर जिच्या डाव्या अंगाला वारा लागतो तिनं उजव्या अंगाला वारा असलेलीला वाट द्यायची. मागून ओलांडणाऱ्यानं सगळ्यांपासून दूर राहायचं. पण अरुंद मार्गात हे सगळं मागे पडतं. तिथे शिडाच्या होडीनं आणि २० मीटरपेक्षा लहान कुठल्याही बोटीनं मोठ्या जहाजाच्या आड यायचं नाही. कारण मोठं जहाज त्या पट्ट्याबाहेर गेलं की गाळात रुतणार.

आम्ही मार्गाशी पोचलो तेव्हा उजव्या हाताला, दक्षिणेकडून एक कंटेनर जहाज आत येत होतं. दोन-अडीच किलोमीटर लांब. मला वाटलं, पुष्कळ वेळ आहे. काकांनी मला डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारेकडे पाहायला सांगितलं. “नाळ आहे तशीच ठेव. तुझं डोकं हलवू नको. तारेच्या रेषेत जहाजाचं टोक धर. दोन मिनिटांनी सांग, टोक तारेच्या पुढे गेलं का मागे.”

दोन मिनिटं झाली. जहाज मोठं झालं होतं, पण त्याचं टोक तारेवरच होतं. पुढेही नाही, मागेही नाही. “म्हणजे आपण दोघं एकाच जागेला एकाच वेळी पोचणार,” मित्र म्हणाला.

समुद्रावरचा हा सगळ्यात मोलाचा नियम आहे. दुसरी बोट जवळ येते आहे आणि तिची दिशा बदलत नाही, तर टक्कर ठरलेली. गणित कोणालाही करता येईल. बारा नॉट वेगाचं जहाज मिनिटाला सुमारे ३७० मीटर कापतं, म्हणजे दोन किलोमीटरला साडेपाच मिनिटंही लागत नाहीत. चार नॉटनं जाणाऱ्या होडीला चारशे मीटर पाणी ओलांडायला सव्वातीन मिनिटं. त्यात वारा पडला तर? आणि जहाजावरच्या माणसाला आपण दिसतोच असंही नाही. रचलेल्या कंटेनरमुळे नाळेसमोरचं पाणी झाकलं जातं. आंतरराष्ट्रीय नियमानुसारही जहाजाच्या दोन लांब्या किंवा ५०० मीटर, यातलं जे कमी असेल तेवढं समोरचं पाणी न दिसणं चालतं. असं जहाज थांबवायचं म्हटलं तरी किलोमीटर-दीड किलोमीटर पुढे जाऊनच थांबणार.

मित्रानं आवाज दिला, होडी वळवली आणि आम्ही मार्गाबाहेरच घिरटी घातली. जहाज पुढून गेलं. निळ्या-तांबड्या डब्यांची भिंत सरकत होती, इंजिनाची धडधड छातीत जाणवत होती. त्याच्या मागची लाट शांत झाल्यावर आम्ही मार्ग काटकोनात, कमीत कमी वेळात ओलांडला. “मोठ्याच्या मागून जावं, पुढून नाय,” काका म्हणाले. जहाजाला आपला इरादा कळला नाही तर ते पाच छोटे भोंगे देतं. अर्थ एकच, तू काय करतो आहेस ते मला समजत नाही. ते पाच भोंगे ऐकण्याची वेळ येऊ न देणं यात चांगल्या खलाशाची कसोटी आहे.

वेग आणि लक्ष यांचा मेळ चुकला तर या बंदरात काय होतं, तेही ताजं आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान बोट घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. १५ जणांचा जीव गेला. प्रवासी बोटीवर लाइफ जॅकेट अंगावर असणं हा शोभेचा नियम नव्हे, हे त्या दिवसानं सांगितलं.

तिथीची पाऊणपट

अकरा वाजता मतलई पडली. शीड लोंबलं. पाणी काचेसारखं झालं. तरी काठावरच्या खुणा मागे सरकत होत्या. भरतीचं पाणी आम्हाला आत नेत होतं.

मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक साडेतीन-चार मीटरच्या घरात जातो, म्हणजे दुमजली घराच्या पहिल्या मजल्याहून जास्त. भांगाच्या दिवसांत तो याच्या निम्म्याहून कमी असतो. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात तेव्हा उधाण, अष्टमीला काटकोनात ओढतात तेव्हा भांग. सहा तासांच्या भरतीत पाणी एकाच चालीनं चढत नाही. त्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात पुन्हा दोन आणि सहाव्यात एक भाग चढतो. म्हणून मधल्या दोन तासांत ओढ सगळ्यात जास्त.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणी हिशेब काकांनी शिकवला. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पुरी होते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराचे सव्वा अकरा. प्रतिपदेला पाऊण. आमची प्रतिपदा होती. पाऊण वाजायच्या सुमारास पाणी खरंच थबकलं. घारापुरीसमोर बोयाच्या बुडाशी फुटणारी पाण्याची रेघ हळूहळू मिटली, बोया सरळ उभा राहिला, आणि थोड्या वेळानं रेघ दुसऱ्या अंगाला उमटली. ओहोटी लागली होती. पंचांग हातात असलेल्या माणसाला भरतीचं वेळापत्रक वेगळं घ्यावं लागत नाही. चंद्रावर चालणारी आपली तिथी समुद्राच्याही चालीची निघाली.

आम्ही नांगर टाकून डबे उघडले. बेटाभोवती चिखलाचा उथळ पट्टा आहे, म्हणून सव्वा मीटरचं भान ठेवून लांबच थांबलो. समोर काळा डोंगर दिसत होता. वेरूळ, अजिंठा आणि देवगिरी ज्या लाव्हाच्या थरांतून कोरले, त्याच दख्खनच्या काळ्या दगडात घारापुरीची लेणी आहेत. वेरूळचं २९ क्रमांकाचं लेणं, आपण ज्याला धुमार लेणं म्हणतो, त्याची मांडणी घारापुरीच्या मोठ्या लेण्याशी मिळतीजुळती आहे. मागे उत्तरेला जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू धुरकट दिसत होता.

हे नातं दगडापुरतं नाही. पैठणला राजधानी असलेल्या सातवाहनांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून भडोचच्या बंदराला गाड्यांतून मौल्यवान दगड जात, आणि ती वाट वीस दिवसांची होती, अशी नोंद आहे. नाणेघाटातून उतरून माल कल्याण आणि सोपाऱ्याला जाई. नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण आजही पाहता येतो. नाण्यावर जहाज छापणारं राज्य समुद्राकडे पाठ करून बसलेलं नव्हतं.

परतीची वाट

दीड वाजता वायव्येकडून पाण्यावर गडद सुरकुत्या आल्या. खारा वारा. शीड टणक झालं. आता वारा उजव्या अंगावर, वळणं घेण्याची गरज नाही. होडीनं पाच-सहा नॉटचा, म्हणजे रमतगमत जाणाऱ्या सायकलस्वाराचा वेग घेतला.

एक गोष्ट मात्र उलटी वाटली. गेटवे समोर दिसत असून मित्र नाळ त्याच्या बरीच उजवीकडे धरायला सांगत होता. कारण ओहोटी आम्हाला दक्षिणेला ओढत होती. गेटवेवर नाळ धरली असती तर कुलाब्याच्या टोकाकडे गेलो असतो. तुडुंब नदीत पोहणारा पैलतीरावरच्या घाटाच्या वरच्या अंगाला तोंड करून पोहतो, तसंच हे. जिथे पाहायचं तिथे जायचं नसतं, जिथे पोचायचं त्याचा हिशेब करून पाहायचं असतं.

याच गेटवेपासून कमांडर अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकटे निघाले आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. त्याआधी २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी त्याच नौकेतून एकट्यानं प्रदक्षिणा पुरी केली होती. असं करणारे ते पहिले भारतीय. म्हादेई गोव्यात बांधलेली. जगाला वळसा घालणाऱ्या त्या नौकेलाही हेच नियम होते. धागे सरळ ठेवा, वारा पाहा, मोठ्याच्या आड येऊ नका.

साडेतीनला आम्ही होडी बांधली. शीड घडी करताना काकांनी कापडावरचे दोन्ही धागे हातानं सरळ केले, मगच घडी घातली.

संभाजीनगरातल्या वाचकाला माझं सांगणं आहे की अजिंठ्याला गेलात तर २ क्रमांकाच्या लेण्यातल्या त्या जहाजासमोर पाच मिनिटं थांबा. शिडं कुठल्या बाजूला फुगली आहेत ते पाहा. मुलांना विचारा, वारा कुठून आहे? मग कधी मुंबईला गेलात की घारापुरीच्या साध्या प्रवासी बोटीत बसा. लाइफ जॅकेट अंगावर घाला, जागा सोडू नका, आणि लाल-हिरवे बोये शोधा. तिथी ठाऊक असेल तर भरती कधी पुरी होणार तेही सांगून ठेवा, मुलं घड्याळ लावून बघतील. चालवायलाच शिकायचं असेल तर शिडाच्या होडीचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्था मुंबईत आहेत. हंगाम ऑक्टोबर ते मे. आणि देवगिरी रोज रात्री सुटते.